कुसुंब्याचं आंबट

कोल्हापूर, ता. ९ सप्टेंबर १९०८

राजमतीअक्का यांस इलाही रंगाऱ्याचा सलाम.

पत्राला उशीर झाला. कामामुळं म्हणावं तर खोटं होईल, खरं म्हणजे लिहायला धीर होत नव्हता. आता एकदाच लिहून टाकतो. या वर्षीपासून करडईच्या फुलांच्या, कुसुंब्याच्या पाकळ्या पाठवू नका.

मुंबईचा एक दलाल येऊन गेला. त्यानं पत्र्याचा डबा दिला, आत लाल पूड. जर्मनीत करतात म्हणे. अक्का, मी चाळीस वर्षं हा धंदा करतोय, पण असं काही बघितलं नव्हतं. तुमच्या पाकळ्या आल्या की आधी त्या पिशवीत भरून नदीत तुडवायच्या. पिवळं पाणी निघून जाईपर्यंत पायांना गोळे येतात. मग पापडखार घालून मळायच्या, गाळायच्या, मग लिंबू पिळत बसायचं, आणि लिंबू जरा कमी-जास्त झालं की दोन दिवसांची मेहनत पाण्यात. इथं काय? कढईत पाणी उकळलं, चमचाभर पूड टाकली, वरून लिंबाऐवजी थोडं तेजाब, कापड बुडवलं की झालं. आणि तुमच्या माझ्या कुसुंब्यासारखा हा उन्हात उडत नाही.

आणखी एक सांगतो. लाल लुगडं आजवर लग्नातच दिसायचं, तेही घरंदाज बायकांच्या अंगावर. परवा बाजारात भाजी विकणारी बाई बघितली, पुडीच्या रंगाचं लाल नेसून बसलेली. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मला बरं वाटलं. हे कुसुंब्यानं कधी झालं नसतं.

हंबीरराव इनामदारांचे दोनशे फेटे दसऱ्यासाठी आलेत. ते याच रंगात करणार आहे. तुमचे यजमान आप्पासो असते तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि मग हसून फेटा मागितला असता. तुमच्या बायकांच्या हातचं काम मी काढून घेतोय हे मला कळतं. रागवा, पण पत्र लिहा.

तुमचा,
इलाही


कोडोली, ता. २१ सप्टेंबर १९०८

इलाहीभाऊ यांस जय जिनेंद्र.

पत्र पोचलं. रागावले नाही. रागावून काय होणार आहे, करडई तशीही पेरायचीच, तेल निघतं. पाकळ्या नाही वेचल्या तर शेताचं काही अडत नाही. अडतं ते माणसांचं.

तुम्ही आमच्याकडं पाकळ्या न्यायला यायचा ते दुपारी, म्हणून वेचणी कधी बघितली नाही. पहाटे दव असतं तोवरच वेचायचं, कारण दवात काटा मऊ पडतो. ऊन चढलं की करडई हात लावू देत नाही. चौदा बायका बोटांना चिंध्या बांधून ओळीनं चालतात. त्यातल्या नऊ जणी विधवा आहेत, माझ्यासारख्या, फक्त त्यांना शेत नाही. पौष-माघात दुसरं काम नसतं. धोंडुबाई तर तीस वर्षं वेचते. तिच्या बोटांची टोकं खरखरीत झालीत, सुईत दोरा ओवता येत नाही तिला. कालच विचारत होती, "अक्का, औंदा येचनी कवा?" मी म्हटलं, बघू.

भाजीवालीचं लिहिलंत ते मला पटलं. धोंडुबाईनं आयुष्यभर कुसुंबा वेचला, पण लाल कधी नेसली नाही. म्हणून मी पुडीला नावं ठेवणार नाही. दोनच गोष्टी विचारते. त्या पुडीत असतं काय? आणि कढईतलं उरलेलं पाणी तुम्ही टाकता कुठं? कुसुंब्याच्या पिवळ्या पाण्याला आमच्या म्हशी तोंड लावायच्या, त्यांना काही झालं नाही. याचं काय?

तुमच्या हाताची मी आजही तारीफ करते. माझ्या लग्नात यांनी बांधलेला फेटा तुमच्या वडिलांच्या हाताखाली तुम्ही रंगवला होता. उन्हात तो असा दिसायचा की माझी सासूसुद्धा बोलायची थांबली होती. हे साधं काम नाही. ज्याला ते जमतं त्यानं पत्र्याच्या डब्यापुढं इतकं वाकू नये, एवढंच म्हणते. दिवाळीनंतर बस्तीत भगवंतांच्या दर्शनाला कोल्हापूरला येणार आहे, तेव्हा घरी येईन.

तुमची बहीण,
राजमती


कोल्हापूर, ता. ८ ऑक्टोबर १९०८

राजमतीअक्का यांस सलाम.

फेटे वेळेवर दिले. दसऱ्याच्या मिरवणुकीत लोक वळून वळून बघत होते. इनामदारांनी पाठ थोपटली. पाण्याचं काय विचारता, पंचगंगा केवढी मोठी, तिला एका कढईचं काय होतंय.

पोट जरा बिघडलं होतं, म्हणून हस्ताक्षर असं. दिवाळीनंतर येऊ नका, घराला चुना लावायला काढलाय, बसायलाही जागा नाही. तुम्ही गूळ पाठवलात त्याबद्दल आभार, पण या खेपेचा गूळ जरा मिळमिळीत वाटला. आमच्या सुगराच्या हातालाही हल्ली चव राहिली नाही. आमटी नुसतं गरम पाणी लागते.

इलाही


कोडोली, ता. २९ ऑक्टोबर १९०८

इलाहीभाऊ,

येऊ नका म्हणालात तरी मी आले. चुना कुठंच दिसला नाही. दार लावलेलं होतं, आणि सुगरावहिनींनी फटीतून सांगितलं की तुम्ही गडमुडशिंगीला गेलाय. इतक्या लांबून आलेल्या बहिणीला आत घेतलं नाही, तेही एक वेळ सोडते.

परत जाताना तहान लागली म्हणून नदीला उतरले. तुमच्या घाटाच्या खालच्या अंगाला वाळूत झरा उकरलेला आहे, लोक तिथलं पाणी पितात. तुम्हाला माहीत आहे, आम्ही पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. आणि गाळून झालं की गाळण्याचं फडकं जिथून पाणी भरलं त्याच पाण्यात उलटं धुवायचं, म्हणजे त्यात अडकलेले जीव आपल्या घरी परत जातात. आईनं मला हे शिकवलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. तेव्हापासून एकदाही चुकवलं नाही.

भाऊ, गाळणं लाल झालं. फिकं नाही, चांगलं लाल. मी ते हातात धरून उभी राहिले. उलटं कशात धुवायचं? ज्या पाण्यातून जीव आले त्या पाण्यात त्यांना परत सोडायचं तर ते मरायलाच सोडल्यासारखं होतं. आणि शेजारी एक बाई त्याच झऱ्यातून घागर भरत होती, तिच्या कडेवर पोर. मी तिला म्हटलं, "हे पाणी नको गं नेऊस." ती म्हणाली, "मग कुटलं नेऊ, पावणं?"

ते गाळणं मी तसंच ओलं गावी घेऊन आले. तुमच्यावर रागावले नव्हते, आता रागावले आहे. पंचगंगा मोठी आहे असं तुम्ही लिहिलंत. घागर मोठी नसते.

आणि गरीब सुगरावहिनींच्या आमटीला नावं ठेवू नका. त्यांच्या हातची आमटी पिऊन तुम्ही इतकी वर्षं ठणठणीत राहिलात. तुमच्याच जिभेला शेठजीपणा आला असेल.

राजमती


कोल्हापूर, ता. ६ नोव्हेंबर १९०८

(सुगराबाई सांगतात तसं मी, पिराजी मास्तर, उतरवून घेतो आहे. भाषा शुद्ध करू का म्हणून विचारलं, तर "अक्काला शुद्ध नको, खरं पायजे" म्हणाल्या.)

अक्का, म्या सुगरा बोलतोय. सलाम. त्यास्नी न सांगता हे पत्र धाडतोय.

तुमी आलता तवा त्ये घरातच हुतं. दाराआड. गडमुडशिंगीला कुटलं जात्यात, चार पावलं चालाया बी दम लागत हुता. म्या खोटं बोललो, मला माफ करा.

त्येंची खोड तुमास्नी ठावं हाय. कुसुंब्याला लिंबू पिळलं की बोट बुडवायचं आनि जिभंला लावायचं. आंबट बरुबर लागलं की रंग चढतो, न्हाय तर न्हाय. त्येंच्या बापानं शिकवलं, त्येच्या बापानं त्येला. चाळीस वर्सं बोट आपसूक तोंडात जातंय. त्यो दलाल सांगून गेलता, "मियां, ह्याला तोंड लावू नका." ह्ये हसलं. म्हनलं, मी काय ल्हान पोर हाय व्हय. आनि फेट्यांच्या पयल्याच दिवशी कढईपाशी बसलं, तेजाब वतलं, आनि सवयीनं बोट घातलं जिभंवर.

जीभ सोलून निगाली अक्का. पानी बी गिळता येईना. बारा दिस पेज पाजली. तरी फेटं शेजारच्या बाबालालच्या हातनं करून घेतलं, शब्द दिलता म्हनून. हकीम म्हनाला, जखम भरंल पर चव परत यील ह्येचा नेम न्हाय. आता त्यास्नी आंबट कळत न्हाय, ग्वाड कळत न्हाय. म्हनून तुमच्या गुळाला नावं ठेवली, माज्या आमटीला बी. मला वाईट न्हाय वाटलं. रंगाऱ्याची जीभ गेली म्हंजी काय गेलं, ह्ये मला कळतं.

तुमचं लाल गाळन्याचं पत्र आलं, म्याच मास्तरास्नी वाचाया लावलं. त्येंनी बी ऐकलं. त्या दिशी जेवलं न्हाईत. दुसऱ्या दिशी कुदळ घेतली आनि परसात खनाया लागलं. का ते सांगत न्हाईत. अजून अंगात ताकद न्हाय, पर आयकत न्हाईत. तुमी लिवा त्यास्नी, तुमचं आयकत्यात.

तुमची,
सुगरा


कोडोली, ता. १२ नोव्हेंबर १९०८

इलाहीभाऊ,

सुगरावहिनींवर रागावू नका, त्यांनी मला कळवलं ते चांगलंच केलं. तुमच्या जिभेला शेठजीपणा आला असं मी लिहिलं. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. पत्र टाकल्यावर हातातून जातं, तसंच तुमच्या कढईतलं पाणी जातं. दोघांनीही जरा थांबून मग सोडावं हे बरं.

कुदळ का चालवताय ते मला माहीत नाही, पण जे काही असेल ते सावकाश करा. मी पाकळ्यांबद्दल बायकांना अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल तसं. मागच्या पत्रात रागावले होते, ते पाण्यासाठी. तुमच्यासाठी माझ्या मनात जे होतं ते तसंच आहे.

राजमती


कोल्हापूर, ता. २० डिसेंबर १९०८

राजमतीअक्का यांस सलाम.

आता अंगात ताकद आलीय. घरात लपून बसलो याची लाज वाटते. बहिणीपुढं रंगारी म्हणून मिरवायचं, आणि जीभ भाजली म्हणून दाराआड बसायचं. सुगरा म्हणते, तुमची अब्रू जिभेवर होती काय.

खरं सांगायचं तर ज्या दिवशी तोंड भाजलं त्या दिवशीच मला कळलं होतं. जे पाणी मी थेंबभर तोंडात धरू शकलो नाही, ते मी कढईच्या कढई नदीत ओतत होतो. पण दोनशे फेटे व्हायचे होते, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. तुमचं गाळणं लाल झालं तेव्हा मग पळवाट राहिली नाही.

परसात तीन खड्डे खणले. पहिल्यात पाणी नुसतं थांबतं, त्यात चुना टाकतो, गाळ खाली बसतो. दुसऱ्यात वाळू. तिसऱ्यात लोहाराकडचा लाकडी कोळसा कुटून भरला. ही युक्ती माझी नाही. सुगराची आई विहिरीच्या पाण्याला वास आला की त्यात कोळसा टाकायची, ते आठवलं. पहिल्या आठवड्यात पाणी गुलाबी निघालं. कोळसा वाढवला. मग फिकं. आता शेवटच्या खड्ड्यातून जे झिरपतं ते पांढऱ्या फडक्यातून गाळतो, फडकं पांढरंच राहतं. तेही नदीत सोडत नाही, आमच्या केळीच्या बुडाला सोडतो. केळीचं काय होतंय ते बघतोय.

सगळं जमलंय असं मात्र समजू नका. लाल झालेला कोळसा कुठं टाकायचा हे मला अजून सुचलेलं नाही. सध्या पोत्यात भरून ठेवतोय. बाबालाल, शेजारचा रंगारी, येऊन पोट धरून हसला. "पंचगंगंला कुनी गाळनं लावतंय व्हय मर्दा?" त्याचं हसणं अजून थांबलेलं नाही, पण काल कुदळ मागून घेऊन गेला.

पूड मी सोडणार नाही, अक्का. भाजीवालीचं लुगडं मला विसरता येत नाही. तिनं लाल नेसू नये असं म्हणायला माझं तोंड होणार नाही. पण जेवढं माझे खड्डे गाळू शकतील तेवढाच रंग घालीन, जास्त नाही. आणि लग्नाचे शेले, फेटे कुसुंब्यातच करीन. इनामदारांच्या घरी फाल्गुनात लग्न आहे. मी त्यांना सांगितलं, नवरीच्या अंगावरचा रंग तरी वेचलेला असू द्या. ते कबूल झाले. तेव्हा पाकळ्या पाठवा. दर वर्षीएवढ्या नाही, पण पाठवा. चौदाही जणींना काम द्या.

अडचण एकच उरते. लिंबू किती झालं हे आता मला कळणार नाही. सुगराला चाखायला लावलं, तर मिश्री लावून लावून तिची जीभ बधिर झालीय, तिला लिंबू आणि पाणी सारखंच. शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटते. बघू, डोळ्यांवर भरवसा ठेवून करीन.

तुमचा,
इलाही


कोडोली, ता. ३ फेब्रुवारी १९०९

इलाहीभाऊ यांस जय जिनेंद्र.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग वेचणीच्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. खड्ड्यांचा मजकूर ऐकून चिमणाबाई म्हणाली, "मानूस हाय का कोन हाय!" हे तिचं सगळ्यात मोठं कौतुक, ती नवऱ्यालाही कधी असं म्हणाली नव्हती. मीही तेच म्हणते. चूक सगळ्यांकडून होते. ती कळल्यावर आजारी अंगानं कुदळ उचलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

वेचणी आठ दिवस चालली आहे. पाकळ्यांची चार पोती गाडीनं पाठवते. गाडीत धोंडुबाई आहे. आमच्या गावात पंगत असली की आमटीत चिंच किती घालायची हे आचारी तिला विचारतो. तिची जीभ अजून एकदाही चुकलेली नाही. तिला तुमच्याजवळ ठेवून घ्या. तिनं आजवर कोडोलीच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या. आपल्या पाकळ्यांचं पुढं काय होतं हे तिनं कधी बघितलेलं नाही. तुमचं पत्र ऐकेपर्यंत तिला वाटायचं, त्यांचं औषध करतात.

तुमची बहीण,
राजमती


कोल्हापूर, ता. २२ फेब्रुवारी १९०९

राजमतीअक्का यांस सलाम.

धोंडुबाई सुखरूप पोचल्या. आल्या त्या स्वतःचा तांब्या घेऊन. पहिल्याच दिवशी सुगराला सांगितलं, "बाई, रागावू नगा, तुमच्या घरचं पानी मला चालत न्हाय." सुगरानं हसून त्यांना गल्लीतल्या आडावर नेलं, तिथून त्या स्वतः काढून पितात. भाकरीही आपली आपण करतात.

पाकळ्या तुडवायला त्यांना घाटावर नेलं. पिवळं पाणी निघायला लागलं तेव्हा त्या घाबरल्या, सगळं वाया चाललं म्हणून. मी म्हटलं, हे जाऊ द्या, हे जाण्यासाठीच असतं. मग दोन दिवस पापडखारात मळणं झालं. मळून मळून काढलेलं पाणी तांबूस-काळपट दिसत होतं. धोंडुबाई मातीच्या नांदेत वाकून बघत म्हणाल्या, "ह्येच्यासाटी व्हय आमी मरायलोय?" मला स्वतःलाच खात्री नव्हती.

काल सकाळी लिंबं पिळायला बसलो. इनामदारांचं शेल्याचं कापड शेजारी भिजवून ठेवलेलं होतं. लग्न पाच दिवसांवर. हे बिघडलं तर दुसऱ्यांदा करायला पाकळ्या नाहीत, आणि मग यापुढं कुसुंबा कुणी मागणार नाही, हे मला ठाऊक होतं. सात लिंबं झाली. नेहमी मी एवढ्यावर थांबायचो. रंग थोडा उघडल्यासारखा वाटला. बोट आपोआप नांदेकडं गेलं, मग आठवलं की त्याचा उपयोग नाही.

मी धोंडुबाईंकडं बघितलं. त्या पुढं सरकल्या. बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "न्हाय. आजून एक पिळा."

अक्का, माझे वडील गेल्यापासून नांदेपाशी मला कुणी हुकूम दिलेला नाही. मी मुकाट्यानं लिंबू पिळलं. त्यांनी पुन्हा चाखलं. "अर्दं आजून." अर्धं पिळलं, त्यांनी चाखलं. "बास."

आणि लाल आला. तुम्हाला काय सांगू कसा आला. खालून वर चढत आला. मी कापड सोडलं आणि दोन्ही हातांनी फिरवत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. वडिलांच्या हातचा असा लाल मी एकदाच बघितला होता.

धोंडुबाई नांदेच्या काठाशी बसूनच राहिल्या. कापड वर काढलं तेव्हा त्यांनी एक टोक हातात धरलं आणि पिळलं. मग दुसऱ्या हातानं आपली बोटं चोळून बघितली, जिथं काटे लागतात तिथं.

सुगराला राहवलं नाही. ती म्हणाली, "अगं धोंडुबाई, आमच्या घरचं पानी चालत न्हाय म्हनलीस, आनि आता आमच्या नांदंतलं तीनदा जिभंला लावलंस की!"

धोंडुबाईंनी तिच्याकडं असं बघितलं जणू सुगरालाच काही कळत नाही.

"तुमचं कुटलं," त्या म्हणाल्या. "माज्याच पाकळ्या हायत्या की त्या."

इलाही